कवळीवाल्या बाईंचं मागणं

त्या रस्त्यावर कोणालाही कवळीवाल्या बाईंचं घर विचारलं, की माणूस बोट दाखवायच्या आधी ओठ मिटून घ्यायचा. बाई समोरून आल्या की लोकांना उगाचच आपल्या दातांची लाज वाटायची. खरं तर बाई रस्त्यात कोणाच्या तोंडाकडं बघतही नसत. दिवसभर दातांत डोकं घातलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा दातच बघायची हौस कुठून असणार?

खाली कामाची खोली आणि वर बिऱ्हाड, असं त्यांचं घर होतं. डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे. बाई त्या ठशात प्लास्टर ओतायच्या, साचा काढायच्या, साच्यावर मेणाच्या हिरड्या घडवून त्यात एकेक दात बसवायच्या. मग मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं, घासायचं, चकाकी आणायची, आणि कवळी डबीत. असा वर्षानुवर्षांचा परिपाठ. गावातली निम्मी तोंडं त्यांना आतून ठाऊक होती, पण त्या तोंडांचे मालक मात्र अनोळखी. कधी बेकरीत पाव घेताना पुढचा माणूस हसला, की बाईंच्या मनात यायचं, अरे, हे हसू तर आपणच मागच्या उन्हाळ्यात घासून पाठवलं होतं. पण बोलायच्या नाहीत. कवळी म्हणजे झाकली मूठ. ती त्यांनी कधी उघडली नाही.

धंदा मुळात नवऱ्याचा. लग्न होऊन आल्या तेव्हा बाई नुसतं प्लास्टर कालवून द्यायच्या. हळूहळू हात बसला, आणि पुढं पुढं नवराच अवघड चावा, म्हणजे वरखालचे दात सहजी जुळणार नाहीत असं तोंड, आलं की साचा त्यांच्याकडं सरकवायचा. तो अचानक गेला तेव्हा सगळे धरून चालले होते की आता खालच्या खोलीला कुलूप लागणार. पण थोड्याच दिवसांत घासायच्या यंत्राची घरघर रस्त्यावर ऐकू यायला लागली आणि लोक गप्प बसले.

वर सासूबाई. ऐंशी ओलांडलेल्या; गुडघे कामातून गेलेले, कान मात्र शाबूत. त्यांच्या तोंडातली कवळी मुलानं केलेली होती. हिरड्या आटत गेल्या तशी ती सैल झाली आणि बोलताना टकटक वाजायला लागली. बाईंनी पुष्कळदा सांगून पाहिलं, की आई, आतून नवा थर देते, घट्ट बसेल. सासूबाईंचं एकच, "त्यानं केलीय. तू हात लावू नकोस." तेव्हा दोघींमधलं निम्मं बोलणं शब्दांनी आणि निम्मं टकटकीनं चालायचं. बाईंची मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी गेलेली. ती रविवारी फोन करायची.

या घराची एक रीत होती. वर्षाच्या पहिल्या दिवशी, कामाला हात लावायच्या आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नवऱ्यानं देवाला सांगायचं की यंदा काय काय ठरवलंय. मोठ्यानं सांगायचं. मनातल्या मनात बोललं की माणूस सोयीनं शब्द बदलतो, असं त्याचं म्हणणं. "देवा, यंदा नवीन भट्टी घ्यावी म्हणतोय. मुलीला पुढं शिकवायचं आहे. चालेल ना?" एवढं बोलून तो डोळे मिटून बसायचा. थोड्या वेळानं "बरं," म्हणायचा आणि उठायचा. बाईंना इतक्या वर्षांत कधी कळलं नाही, की ते "बरं" त्याचं असायचं की तिकडून आलेलं. एकदा धीर करून विचारलं, तर तो म्हणाला, "चहा निवतोय."

तो गेल्यानंतरच्या पहिल्या नववर्षाला बाई त्या टेबलाशी बसल्या आणि तोंडून शब्द फुटेना. तशाच उठल्या. पुढच्या वर्षापासून मात्र नेमानं बसू लागल्या. आईंची तब्येत सांभाळ, मुलीचं बाळंतपण नीट होऊ दे, हातांना कंप सुटू देऊ नकोस, असं भराभर सांगायचं आणि कामाला लागायचं. थांबून उत्तर ऐकावं असं त्यात काही नव्हतं. असल्या मागण्यांना देव कशाला हरकत घेईल?

मग मास्तर आले.

मास्तर म्हणजे गावच्या बँडचे प्रमुख. ट्रम्पेट वाजवायचे. हिरड्यांच्या दुखण्यात त्यांचे वरचे सगळे दात गेले आणि डॉक्टरांनी कवळी बसवून दिली. जेवायला, बोलायला ती झकास. पण ट्रम्पेट ओठाला लावून फुंकर घातली, की आतून हवा शिरून कवळी खाली यायची. डॉक्टरांनी परत परत दुरुस्ती करून पाहिली आणि शेवटी म्हणाले, की मी ठसा घेणारा माणूस. जी घडवते तिच्याशीच जाऊन बोला.

तेव्हा मास्तर ट्रम्पेटची पेटी घेऊन खालच्या खोलीत येऊन बसले. उंच, वाकलेले, दाढी तुळतुळीत, कोटाची कोपरं विरलेली. बाईंच्या कामाच्या खोलीत तोंडाचा मालक जातीनं आला, हे क्वचितच घडायचं. बाईंनी त्यांना वाजवायला लावलं आणि जवळ वाकून ओठ कुठं दाबला जातो, जबडा कुठं सरकतो, ते पाहिलं. मग नवा साचा केला, मागची कड थोडी लांबवली, पुढचे दात जरा सरळ उभे बसवले. जरा सुधारलं. पुन्हा यायला सांगितलं. पुन्हा सुधारलं, पुन्हा बिघडलं. कधी खालचे सूर लागायचे तर वरचे नाहीत, कधी वरचा एखादा लागायचा आणि कवळी ट्रम्पेटबरोबरच बाहेर यायची. मास्तर ती झेलायचे आणि हसायचे. दुसरा कोणी असता तर शरमेनं मान वर केली नसती.

असं करता करता उन्हाळा गेला, थंडी आली. काम आटोपलं तरी मास्तर लगेच उठत नसत. चहा व्हायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते शिंप्याच्या दुकानावर एका खोलीत राहायचे आणि शिंप्याच्या मांजरीला आपली समजायचे. बोलणं फार नसायचं. बाई घासत बसायच्या, ते बघत बसायचे. पण ते येणार त्या दिवशी बाई पांढऱ्या धुळीचा अंगरखा झटकून घ्यायला लागल्या होत्या. हे त्यांच्या स्वतःच्या लक्षात आलं तेव्हा त्या मनाशीच वरमल्या.

वर्ष सरत आलं होतं. एका दुपारी मास्तर कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, एकदा हे दात नीट बसले, की मला इथं यायला कारण उरणार नाही. मला त्याचीच काळजी लागून राहिलीय."

बाई हातातली कवळी यंत्रावर धरून घासत राहिल्या. इतक्या घासत राहिल्या, की मेहनतीनं लांबवलेली मागची कड पार उडाली आणि सगळं पहिल्यापासून करायची वेळ आली.

"खराब झाली," त्या म्हणाल्या.

"होऊ दे," मास्तर म्हणाले. मग चाचरत, पण सरळ, त्यांनी विचारलं, की आपण दोघांनी लग्न केलं तर?

बाईंनी यंत्र बंद केलं. म्हणाल्या, आमच्याकडं कोणतीही मोठी गोष्ट वर्षाच्या पहिल्या दिवशी देवाला विचारून करायची पद्धत आहे. मी विचारते. मास्तर म्हणाले, जरूर विचारा. जाताना दारापाशी थांबून त्यांनी एवढंच म्हटलं, की माझं नाव सांगाल तेव्हा जरा चांगल्या शब्दांत सांगा.

वर्षाच्या पहिल्या दिवशी उजाडता उजाडता बाई टेबलाशी येऊन बसल्या. रस्ता झोपलेला. खिडकीच्या काचेवर दव. इतक्या वर्षांत त्यांनी देवाकडं जे जे मागितलं, ते कोणाच्या ना कोणाच्या तरी नावाचं होतं. आज पहिलं वाक्य 'मला'नं सुरू करायचं होतं आणि तो शब्द त्यांनी या टेबलाशी कधी वापरला नव्हता. या वयात हे शोभतं का? नवऱ्याच्याच टेबलाशी बसून दुसऱ्या माणसाशी लग्नाची परवानगी मागायची? पण रीत त्याच्याच घरची होती, आणि मोठ्यानं बोलायची अटही त्याचीच.

"देवा," त्या म्हणाल्या, "यंदा मला माझ्यासाठी मागायचंय. मास्तरांशी लग्न करावं असं माझ्या मनात आहे. माणूस सरळ आहे. हसतमुख आहे. तुला पसंत असेल तर तसं कळू दे. आणि नसेल तर माझ्या मनातून काढून टाक, कारण माझ्यानं ते होत नाही."

डोळे मिटून त्या थांबल्या. नळ ठिबकत होता. फ्रीज गुरगुरून गप्प झाला. आत, मनात, 'बरं' म्हणणारं कोणी नव्हतं. 'नको' म्हणणारंही कोणी नव्हतं. त्या तशाच बसून राहिल्या, आणि एवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. सासूबाई जाग्या होत्या. दात अजून पाण्याच्या पेल्यात होते, त्यामुळं जे काही म्हणाल्या ते ओठांतच फसफसून विरलं.

बाई उठल्या. सगळं ऐकलं म्हणायचं यांनी. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "आई, काय म्हणालात?"

सासूबाईंनी हातानंच थांब म्हटलं. सावकाश उठून बसल्या, कवळी पाण्यातून काढली, झटकली, तोंडात बसवली, अंगठ्यानं दाबली. आयुष्यात एवढा वेळ बाईंनी कोणाच्या दातांची वाट पाहिली नव्हती.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाक."

चहा झाला. कप अर्धा संपल्यावर सासूबाई बोलल्या. "देवाला विचारलंस. मला नाही विचारलंस."

"धीर झाला नाही."

"माझा मुलगा मला आदल्या दिवशी सांगायचा, सगळं. मी हो म्हटलं, की मग सकाळी देवाला सांगायचा. म्हणून तर एवढ्या खात्रीनं उठायचा." कवळी टकटकली. "आता हे सांग, तू जाणार कुठं? त्या शिंप्याच्या वरच्या खोलीत?"

बाई म्हणाल्या, छे, मी तुम्हाला टाकून कशी जाईन? तेच इथं येतील.

"त्यांना विचारलंस?"

"नाही अजून."

"मग देवानं कशाला हो म्हणायचं? तुझंच अर्धं ठरलंय." एवढं बोलून सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

त्यानंतरचे दिवस विचित्र गेले. अबोला नव्हता, मीठ दे, औषध दे, खिडकी लाव, एवढं बोलणं व्हायचं. पण सासूबाईंचा जीव कशात तरी गुंतलेला दिसायचा. बाईंनी मास्तरांना निरोप धाडून कळवलं, की इथं राहायला यायची तयारी आहे का ते सांगा. उलट निरोप आला, की तयारी आहे, फक्त मांजरीची समजूत काढायला थोडा वेळ लागेल. बाई खाली काम करत बसायच्या आणि अधूनमधून मान वर करून स्वतःशीच विचारायच्या, हेच देवाचं उत्तर का? गप्प राहणं हेच त्याचं 'नको' असेल तर? पण मनातून काढून टाक म्हणून सांगितलं होतं, ते काही त्यानं काढलं नव्हतं. उलट ते रोज थोडं वाढतच होतं.

एकदा केस विंचरून घेताना सासूबाईंनी एकदम विचारलं, "तो तुला माझ्या मुलापेक्षा जास्त आवडतो का?"

बाईंनी फणीतला गुंता काढला. "आई, असं माप काढता येत नाही. तुमच्या मुलाबरोबर मी तरुण होते. मास्तरांबरोबर म्हातारं व्हावं असं वाटतं."

सासूबाईंनी वेणी पुरी होऊ दिली. मग म्हणाल्या, की बोलाव एकदा. बघू तरी कोण आहे तो.

मास्तर आले ते पेटी घेऊनच, जणू बँडमध्ये भरती व्हायला आले होते. सासूबाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या. त्यांनी सगळं विचारलं. झोप कशी आहे, राग येतो का, पहिली बायको कशानं गेली. मास्तरांनी एकेकाचं शांतपणे उत्तर दिलं. पहिल्या बायकोचं बोलताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. सासूबाईंनी मान हलवली, आणि मान हलवताना त्यांची कवळी वाजली. तिकडं मास्तरांचं लक्ष गेलं.

"तुमची सैल आहे," ते म्हणाले.

"फार नाही. तुमची?"

"शिंक आली की हात लावावा लागतो."

"माझी खोकल्याला. आणि चिकट काही खाल्लं की संपलंच."

"पापडी असली की आधी आवाज, मग चव."

सासूबाई पुढं सरकल्या. मग जे बोलणं सुरू झालं ते थांबेना. हिरडी कुठं टोचते, गरम चहानं काय होतं, हसताना जीभ कुठं ठेवायची, कोणापुढं जांभई देऊ नये. बाई चहाचं भांडं हातात धरून उभ्या होत्या. एकाची कवळी त्यांनी स्वतः केलेली, दुसरी त्यांच्या नवऱ्यानं, आणि दोघंही त्यांच्या तोंडावर, त्या तिथं नसल्यासारखी, एकेक खोट काढत बसली होती. बाईंना रागही येईना आणि हसूही आवरेना.

शेवटी सासूबाई म्हणाल्या, वाजवून दाखवा. मास्तरांनी ट्रम्पेट काढलं, एक खालचा सूर धरला, भरीव, लांब. भांड्यांवरची झाकणं हलकेच थरथरली. मग त्यांनी वर जायचा प्रयत्न केला. सूर चिरकला आणि कवळी खाली आली. त्यांनी ती झेलली, पाठ वळवून बसवली, आणि पुन्हा वळले ते हसतच.

"एवढंच येतं आता," ते म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग त्या बाईंना म्हणाल्या, "ते भांडं ठेव खाली. बसा दोघं इथं."

दोघं बसली. त्या घरात देवाशी बोलायचं ते आधी सासूबाईंच्या नवऱ्यानं, मग मुलानं, मग सुनेनं. सासूबाई कायम मागं उभ्या. त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. आता त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले, घसा साफ केला आणि कवळी घट्ट दाबून घेतली.

"देवा, ही वर्षाच्या पहिल्या दिवशी तुझ्याशी बोलत होती तेव्हा मी मध्ये बोलले. मी 'नको' म्हणाले होते. दात नव्हते म्हणून हिला कळलं नाही. तुला कळलं असेल. ते मी परत घेते." त्या थांबल्या. त्यांनी कवळी पुन्हा दाबली. "मला वाटलं होतं, माझा मुलगा या घरातून दुसऱ्यांदा जाईल. पण तसं काही होईलसं दिसत नाही. या दोघांचं वर्ष नीट जाऊ दे. पुढचीही, जितकी असतील तितकी. माझी हरकत नाही. तुझी असली तर आत्ताच सांग, मागाहून कुरकुर नको."

मग त्या डोळे मिटून बसल्या, आणि दोघंही बसली. खाली रस्त्यानं कोणी तरी सायकल ढकलत नेत होतं; चाकाची टिकटिक येऊन गेली. सासूबाईंनी देवाला भरपूर वेळ दिला. बाईंनी मिटल्या डोळ्यांनी वाट पाहिली. आताही वरून काही आलं नाही. पण ही शांतता त्या दिवशी सकाळच्यासारखी रिकामी नव्हती. कशामुळं, ते त्यांना सांगता आलं नसतं. एवढंच जाणवलं, की छातीवर इतके दिवस धरून ठेवलेलं काही तरी त्यांनी खाली ठेवलंय आणि ते पडलं नाही. डोळे उघडले तेव्हा सासूबाईंचा सुरकुतलेला हात त्यांच्या डोक्यावर होता, आणि दुसरा, जरा अवघडून, मास्तरांच्या.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी थोडी रडली, मग तिनं विचारलं की ते घोरतात का. बाई म्हणाल्या, मला काय माहीत? दोघी हसल्या. लग्न कचेरीत सह्या करून झालं. बँडमधली मंडळी आली होती; त्यांनी बाहेर पायऱ्यांवर वाजवलं आणि मास्तरांनी त्यांच्यात उभं राहून खालचे सूर धरले. वरचे सूर त्यांना परत कधी लागले नाहीत. बाईंनी पुढंही पुष्कळ खटपट केली, पण काही तोंडं तेवढंच देतात. मास्तरांनी पुढची जागा एका तरुण मुलीला दिली आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन बसले. तिथून सगळा बँड नीट ऐकू येतो, असं ते म्हणायचे, आणि ते खोटं वाटायचं नाही.

मांजर आली नाही. तिची समजूत पटली नाही. मास्तर रोज संध्याकाळी शिंप्याकडं जाऊन तिला भेटून यायचे.

वसंतात एका सकाळी बाई खाली प्लास्टर कालवत होत्या. वरून आवाज येत होते. सासूबाईंना खिडकी बंद हवी होती, मास्तरांना उघडी. दोघंही आपापलं म्हणणं न चिडता, पण न सोडता मांडत होती. मग खिडकी अर्धी उघडल्याचा आवाज आला आणि बोलणं दुसऱ्याच कशावर तरी गेलं. बाईंनी तिकडचं लक्ष काढून घेतलं. भांड्यातलं प्लास्टर दाट व्हायला लागलं होतं. ते घट्ट व्हायच्या आत ठशात ओतायला हवं होतं.